मेघालयाचं पठार: सगळ्यात जास्त पाऊस, मग माथ्यावर जंगल का नाही?

घाटमाथा

चेरापुंजीत, म्हणजे तिथल्या लोकांच्या सोहरामध्ये, वर्षाला सरासरी ११,७०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. शेजारच्या मॉसिनरामला त्याहून किंचित जास्त. १६ जून १९९५ या एका दिवसात सोहरात १,५६३ मिमी पडला. मुंबईतला २६ जुलै २००५ चा ९४४ चा आकडा आपण कुणी विसरलेलो नाही, त्याच्या दीडपटीहून जास्त. ऑगस्ट १८६० ते जुलै १८६१ या बारा महिन्यांत तर २६,४६१ मिमी नोंदला गेला.

एवढं पाणी ज्या माथ्यावर पडतं तो गर्द झाडीत बुडालेला असेल असंच कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात सोहराचा माथा बराचसा बोडका आहे. खुरटं गवत, उघडा वालुकाश्म, मधूनच खाणीचा खड्डा. जंगल आहे ते पठाराच्या कडेवरून खाली कोसळणाऱ्या दऱ्यांमध्ये, आणि माथ्यावर जिथे गावाने राखलं आहे तिथे. मेघालयाबद्दल मराठीत धबधब्यांवर आणि डावकीच्या नितळ पाण्यातल्या होड्यांवर भरपूर लिहून झालंय. मला या विसंगतीवर बोलायचं आहे, कारण तिथला सगळा भूगोल या एका प्रश्नात येतो.

आधी जमिनीची ठेवण. पश्चिमेकडून पूर्वेकडे गारो, खासी आणि जैंतिया अशा तीन टेकड्यांच्या रांगा म्हणतात, पण मुळात ते एकच पठार आहे. सर्वात उंच जागा शिलाँग शिखर, १,९६० मीटरच्या आसपास. उत्तरेकडे हे पठार पायऱ्यापायऱ्यांनी, सावकाश ब्रह्मपुत्रेकडे उतरतं. दक्षिणेकडे मात्र सरळ तुटतं. सोहरा साधारण १,३०० मीटरवर आणि तिथून काही किलोमीटरवर बांगलादेशातलं सिल्हेटचं मैदान, जवळजवळ समुद्रसपाटीला. बंगालच्या उपसागरावरून निघालेला वारा त्या सपाट मैदानावरून विनाअडथळा येतो. पावसाळ्यात ते मैदान स्वतःच पाण्याखाली असतं, त्यामुळे वाटेतही बाष्प कमी होत नाही. हा वारा एकदम भिंतीवर आदळतो. भिंतीत खोल घळी आहेत, त्या नरसाळ्यासारख्या हवेला आत ओढून वर ढकलतात. पाऊस बराचसा रात्री आणि पहाटे कोसळतो.

भिंत ओलांडली की चित्र पालटतं. शिलाँग सोहरापासून रस्त्याने पन्नासेक किलोमीटर, पण तिथे पाऊस पंचमांशाच्या आसपास. महाबळेश्वर आणि वाई आठवा, तोच प्रकार.

हा सगळा प्रदेश कर्कवृत्ताच्या थोडा उत्तरेला, २५ ते २६ अंशांच्या पट्ट्यात येतो. त्यामुळे उंचीनुसार झाडी झपाट्याने बदलते. पायथ्याच्या दऱ्यांत उष्ण कटिबंधातलं सदाहरित रान, सुपारी, फणस, रबराचा वड. साधारण ९०० मीटरच्या वर ओक, चेस्टनट, मॅग्नोलिया, दालचिनीच्या कुळातली झाडं, आणखी वर रोडोडेंड्रॉन. जोसेफ हूकर १८५० मध्ये इथे आला तेव्हा त्याने सोहराच्या दहा मैलांच्या परिसरात दोन हजारांवर सपुष्प वनस्पती गोळा केल्याचं लिहून ठेवलंय, नेचे वेगळेच. तरीही माथा उघडा. का, ते बोलू या. भूगर्भवाले, वनस्पतीवाले, तिकडे राहून आलेले, सगळ्यांनी लिहा.

कातळकडा

उत्तम विषय. खालची बाजू मी सांगतो.

हे पठार हिमालयाचं नातलग नाही. आपल्या दख्खनच्या खाली जो जुना कणखर पाया आहे, त्याचाच हा पूर्वेकडे सुटलेला तुकडा. मध्ये राजमहाल आणि गारो टेकड्यांच्या दरम्यानची खिंड गंगा-ब्रह्मपुत्रेच्या गाळाने भरून गेली, म्हणून तो वेगळा दिसतो. या जुन्या खडकावर दक्षिण काठाने समुद्रात साचलेले थर आहेत. वालुकाश्म, चुनखडक, कोळसा. चुनखडक बराचसा इओसीन काळातला.

पठार एवढं उंच झालं ते भूगर्भाच्या हिशेबात अलीकडे. दक्षिणेला डावकीचा विभंग, म्हणजे खडक तुटून सरकल्याची मोठी भेग, आणि उत्तरेला दुसरा, या दोघांच्या मध्ये हा ठोकळा दाबाने वर उचलला जातोय. ही उचल थांबलेली नाही. १२ जून १८९७ च्या संध्याकाळी झालेला प्रचंड भूकंप याच उचलीतला. शिलाँगमधली दगडी बांधकामं जमीनदोस्त झाली आणि दक्षिण उतारावर दरडींनी डोंगरच्या डोंगर सोलून निघाले. भारतीय भूगर्भ सर्वेक्षणाच्या रिचर्ड ओल्डहॅमने त्याचा जो अभ्यास केला त्यातून भूकंपलहरींचे प्रकार वेगळे ओळखता आले, आणि पुढे १९०६ मध्ये त्यानेच पृथ्वीला गाभा असल्याचं दाखवलं.

जंगलाच्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट अशी की माथ्यावरचा वालुकाश्म जवळजवळ आडवा, फरशी घातल्यासारखा आहे. त्यावर माती मुळातच पातळ. दऱ्यांमध्ये मात्र दरडींचा मालमसाला साचतो, चुनखडकाच्या भेगांत मुळं शिरतात, वारा लागत नाही.

मृद्गंध

वाचतेय. एक प्रश्न. शिलाँगच्या फोटोंत सगळीकडे पाइन दिसतात. मग ते जंगल मूळचं नाही का? इंग्रजांनी लावलेलं आहे असं एका गाइडने आम्हाला सांगितलं होतं.

घाटमाथा

@मृद्गंध, खासी पाइन इथलाच आहे, बाहेरून आणलेला नाही. साधारण ९०० ते १,८०० मीटरच्या पट्ट्यात तो वाढतो. पण तो उजेडाचा भुकेला. रान तोडलं, आग लागली, शेत पडीक टाकलं, की पहिल्यांदा तो उगवतो. मोठ्या ओकच्या सावलीत त्याचं रोप जगत नाही. त्यामुळे आज जिथे नुसते पाइन उभे आहेत तिथे बऱ्याच ठिकाणी आधी रुंद पानांचं रान होतं आणि ते हटलं, असा त्याचा अर्थ लावतात. रस्त्याकडेचे सगळे पाइन पाहून ‘किती जंगल आहे’ म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

रानजाई

मूळ रान कसं होतं ते पाहायचं असेल तर मॉफलांगला जा. शिलाँगपासून पंचवीसेक किलोमीटर. गावाची देवराई, साधारण ऐंशी हेक्टर.

मला तिथे सगळ्यात जास्त धक्का बसला तो तिच्या कडेचा. गवताळ माळ चालत चालत आपण येतो आणि रान एकदम, रेघ ओढल्यासारखं सुरू होतं. मध्ये झुडपांचा पट्टासुद्धा नाही. पहिल्या चार पावलांत उजेड निम्मा होतो आणि पायाखालची जमीन बदलते. बाहेर टणक, आत पाऊल दबतं. मी खाली बसून पालापाचोळा हाताने बाजूला केला. वर कोरडी ओकची पानं, त्याखाली ओली, काळी पडत चाललेली, त्याखाली बुरशीचे पांढरे धागे आणि मग कुठे माती. मनगटापर्यंत हात गेला तरी दगड लागला नाही. झाडांच्या खोडांवर शेवाळ इतकं जाड की साल दिसत नाही, आणि त्या शेवाळात ऑर्किड, नेचे, चक्क दुसऱ्या झाडांची रोपं.

नियम कडक आहे. आतून काहीही बाहेर न्यायचं नाही, पडलेलं पानसुद्धा. देवता लबासा, तिची व्यवस्था लिंगडोह कुळाकडे. आपल्याकडच्या देवरायांत सुद्धा वाळकी काटकी उचलत नाहीत, त्यामुळे मला ते परकं वाटलं नाही. माझ्यासाठी मुद्दा हा की कुंपणाच्या आत आणि बाहेर पाऊस एकच, खडक एकच, उंची एकच. फरक फक्त माणसाने काय राखलं याचा आहे. घाटमाथा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथेच मिळालं.

नदीपात्र

रानजाईताई, वर्णन फार आवडलं, पण निष्कर्ष इतका सरळ नाही असं मला वाटतं. मॉफलांग आणि सोहरा यांची तुलना करू नका. मॉफलांग आतल्या बाजूला आहे, पाऊस बराच कमी. सोहराला दर पावसाळ्यात जे पाणी आदळतं त्यात पोषकद्रव्यं धुऊन जाणारच. जुलै महिन्याची सरासरीच तीन हजार मिलिमीटरच्या घरात, आणि डिसेंबर-जानेवारीत महिन्याला जेमतेम वीसेक. चार महिने बुडायचं आणि चार महिने तहानलेलं राहायचं. आडव्या वालुकाश्मावर, वाऱ्याच्या तोंडावर, असा माथा कायमच गवताळ राहिला असेल तर नवल काय? सह्याद्रीत सडे, म्हणजे उघडे कातळमाथे, आहेतच की. तिथे कुणी झाडं तोडली म्हणून सडा झाला असं आपण म्हणत नाही.

रानजाई

सड्याचा मुद्दा योग्य आहे, काही भाग मुळातच उघडा असेलही. पण सोहराच्या माथ्यावरसुद्धा देवराया टिकून आहेत, अगदी भर पावसाच्या पट्ट्यात. तो खडक झाड पेलूच शकत नसता तर त्या उभ्या राहिल्या नसत्या.

पाणलोट

माझं काम मृदसंधारणाचं, म्हणून मला यातला मधला दुवा सांगावासा वाटतो. तुम्हा दोघांचंही बरोबर बसतं.

सोहरा भागात माती-पाण्याचा बराच अभ्यास झालाय. त्यात आढळलेली गोष्ट फार बोलकी आहे. रान गेल्यावर मातीतला बारीक कण पावसाने धुऊन नेला आणि वर राहिला तो जाड खडीचा, गोट्यांचा थर. हा थर आता खालच्या मातीला चिलखतासारखा झाकतो. त्यामुळे आज तिथे धूप तुलनेने कमी मोजली जाते. वाहून जाण्यासारखं जे होतं ते आधीच गेलेलं आहे. पण त्या खडीत बी रुजत नाही, रुजलं तर हिवाळ्यात वाळतं. म्हणजे तोड थांबवून कुंपण घातलं तरी रान आपोआप परत येत नाही. एवढ्या पावसात सगळं भराभर उगवेल ही आपली समजूत इथे उपयोगी नाही.

तोड कशासाठी झाली? खासी टेकड्यांत लोखंड गाळण्याचा धंदा फार जुना, तिथल्या भट्ट्यांतून उरलेल्या लोखंडाच्या मळीचं वय दोन हजार वर्षांच्या आसपास निघालंय. भट्ट्यांना लागतो कोळसा, म्हणजे झाडांचा. एकोणिसाव्या शतकात तो धंदा बसला, पण तोवर शतकानुशतकं इंधन जळत राहिलं होतं. वरून गुरं, दरवर्षीचे वणवे, चुनखडक आणि कोळशाच्या खाणी. नैसर्गिक नाजूकपणा आणि माणसाचा हात, यातला एकच कारण म्हणून निवडला तर उपाय चुकतो. नाजूक जागेवर हात पडला म्हणून जखम एवढी खोल आहे.

पाण्याचंही तेच. पालापाचोळ्याचा थर नाही, माती नाही, म्हणून पाणी मुरायला जागा नाही. पडलं की तासाभरात दरीत. हिवाळ्यात सोहराच्या बायका झऱ्यावर भांडी घेऊन रांगेत उभ्या असतात ते याचमुळे.

नदीपात्र

@पाणलोट, चिलखताचा मुद्दा पटला. मग मॉफलांगची राई पाण्याच्या दृष्टीनेही मोलाची ठरते. तिच्या शेजारून उमियू नदी जाते आणि शिलाँग शहराला तिथल्याच धरणातून पाणी मिळतं.

पाणलोट

अगदी. तिथल्याच भागात दहा हिमांनी, म्हणजे पारंपरिक खासी सत्तांनी, एकत्र येऊन बासष्ट गावांचं रान राखायला घेतलं. आगपट्टे काढणे, चराई बंद करणे, आपोआप उगवणाऱ्या रोपांना जागा देणे, अशी कामं. लागवडीचा गाजावाजा कमी, राखण जास्त. ते मला फार योग्य वाटतं.

वेलबुट्टी

जिवंत मुळांच्या पुलांवर कुणी लिहिलं नाही अजून! ते या भूगोलात कुठे बसतात?

दरीतला_झरा

मी लिहितो. बरोबर दक्षिण उतारावर बसतात. तिथली गावं दऱ्यांच्या पोटात, आणि पावसाळ्यात प्रत्येक ओढा दगडगोटे घेऊन धावतो. बांबूचा साकव एका पावसाळ्यात सडतो किंवा वाहून जातो. रबराच्या वडाला मात्र ओलावा मानवतो. ओढ्याकाठच्या मोठ्या दगडावर तो मुळांनी मिठी मारून उभा राहतो आणि वरून पारंब्या सोडतो. लोक या कोवळ्या पारंब्या बांबूच्या किंवा पोखरलेल्या सुपारीच्या खोडाच्या आधाराने पलीकडच्या काठावर नेतात, तिथे जमिनीत रुजवतात, मग एकीत दुसरी गुंफत जातात. पायाला आधार मिळेपर्यंत पंधरा-वीस वर्षं सहज जातात, आणि पुढे पूल जाड होत राहतो. नोंगरियातचा दुमजली पूल प्रसिद्ध आहे, पण असे पूल त्या पट्ट्यात अनेक आहेत. २०२२ मध्ये ते युनेस्कोच्या संभाव्य यादीत आले.

हे पूल टिकण्यामागे त्या उतारावरची शेती आहे. तिथे नांगर नाही. सुपारी, विड्याचं पान, तमालपत्र, संत्रं, मिरी, मध, सगळं रानाच्या सावलीत किंवा रानात मिसळून. माल पाठीवरच्या टोपलीत, पट्टा कपाळाला, आणि पूल ओलांडून बाजाराला. रान काढलं तर बागही जाते हे तिथल्या प्रत्येकाला माहीत आहे. दक्षिण उताराचं रान टिकायला तीव्र चढ कारणीभूत आहेच, पण ही बागायतही तितकीच.

शिलाँगकर_मराठी

नोकरीनिमित्त बरीच वर्षं इकडे आहे. वरची चर्चा वाचून बरं वाटलं, फक्त दोन गोष्टी जोडतो, कारण चित्र थोडं गोड होतंय.

एक, केरसुणीचं गवत. ज्याची फुलझाडू होते ते. उतारावरचं रान काढून किंवा पडीक शेतावर ते लावतात. हिवाळ्याअखेर तुरे कापायचे, वाळवायचे, विकायचे. रोख पैसा मिळतो, वर्षानुवर्षं नांगरावं लागत नाही. ज्याच्याकडे दोन एकर उतार आहे त्याने ते लावू नये असं मी कोणत्या तोंडाने सांगू? पण त्या जागी रान परत उभं राहायची संधी जाते, हेही रोज दिसतं. वनसर्वेक्षणात राज्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग वनाच्छादित दिसतो. त्यात बांबू, फळबागा, झूमनंतरची, म्हणजे रान जाळून केलेल्या फिरत्या शेतीनंतरची, पडीक झुडपं हे सगळं धरलेलं असतं. आकडा पाहून निर्धास्त होऊ नका.

दोन, जैंतियातला कोळसा. उंदराच्या बिळासारख्या अरुंद बोगद्यांत माणसं सरपटत जाऊन कोळसा काढत. राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१४ मध्ये ही पद्धत बंद केली, तरी डिसेंबर २०१८ मध्ये कसानच्या खाणीत पाणी शिरून पंधरा मजूर अडकले. या कोळशात गंधक जास्त, त्यामुळे खाणीतून झिरपणारं पाणी आम्लधर्मी होतं. लुखा नदी हिवाळ्यात विचित्र निळी दिसते. लोक तिचे फोटो काढतात. त्या पाण्यात मासा नसतो.

आणि जमिनीचा हक्क समजून घेतल्याशिवाय इथल्या रानाबद्दल बोलता येत नाही. राज्यघटनेच्या सहाव्या अनुसूचीमुळे स्वायत्त जिल्हा परिषदा आहेत, आणि बहुतेक रान गावांचं, कुळांचं किंवा खासगी मालकीचं. वनखात्याकडे फार थोडं. देवराई त्यामुळेच टिकली. खाणही त्यामुळेच खोदता आली.

कातळकडा

@शिलाँगकर_मराठी, जैंतियाचं नाव निघालं म्हणून. तिथल्या चुनखडकातल्या गुहा देशातल्या सर्वात लांब गुहांपैकी आहेत. क्रेम लियात प्राहची लांबी तीस किलोमीटरहून जास्त. जैंतियातल्याच एका गुहेत जगातला आजवरचा सर्वात मोठा भूमिगत मासा सापडला, चाळीसेक सेंटिमीटरचा, आंधळा. जमिनीवरचं आम्ल पाणी शेवटी याच गुहांत उतरतं, म्हणून मला खाणींची जास्त धास्ती वाटते. आणि सोहराजवळच्या मॉमलूह गुहेतल्या एका लवणस्तंभात ४,२०० वर्षांपूर्वीच्या मोठ्या अवर्षणाची खूण मिळाली. २०१८ मध्ये भूशास्त्रज्ञांनी तिथून पुढच्या कालखंडाला अधिकृतपणे ‘मेघालयन’ नाव दिलं.

मृद्गंध

गारो टेकड्यांबद्दल कुणीच बोलत नाही. मला नोकरेकबद्दल ऐकायचंय.

दरीतला_झरा

गारोची उंची कमी, नोकरेक शिखर १,४१२ मीटर. म्हणून तिथलं रान जास्त उष्ण, बांबू आणि साल जास्त. झूमही अजून बरीच चालते. नोकरेकच्या माथ्यावर मात्र दाट सदाहरित रान आहे, आणि त्यात रानटी संत्र्याची एक जात, गारो लोकांची मेमांग नारांग. लिंबूवर्गीय फळांचं मूळ शोधणाऱ्यांसाठी ती फार मोलाची, म्हणून तिच्यासाठी तिथे खास राखीव क्षेत्र केलंय. २००९ मध्ये युनेस्कोने नोकरेकला आपल्या जीवावरण क्षेत्रांच्या यादीत घेतलं. हूलॉक गिबन हा वानर ऐकायचा असेल तर गारोत जा. पहाटे नर-मादी मिळून ओरडतात, दरी ओलांडून आवाज येतो.

आणखी एक, घटपर्णी. ती मेघालयाबाहेर जवळपास कुठेच नैसर्गिकरीत्या नाही. निकस, धुऊन निघालेल्या मातीत ती वाढते आणि नत्राची कमतरता किड्यांवर भागवते. वर पाणलोट यांनी जी माती वर्णन केली, तिला या वनस्पतीने दिलेलं हे उत्तर आहे. दुर्दैवाने ती विकायला उपटून नेतात.

वेलबुट्टी

शेवटचा प्रश्न. माथ्यावर मुरत नाही, दरीत तासाभरात उतरतं, मग एवढं पाणी जातं कुठे?

पाणलोट

सिल्हेट-सुनामगंजच्या मैदानात. दक्षिणेकडच्या नद्या आखूड आणि तीव्र उताराच्या, सीमा ओलांडताच सपाटीवर येतात आणि सुरमा-मेघना खोऱ्यात मिळतात. तिथे बशीसारखे खोलगट भाग आहेत, त्यांना हाओर म्हणतात. पावसाळ्यात ते समुद्रासारखे पसरतात. १७ जून २०२२ ला मॉसिनरामला चोवीस तासांत १,००३.६ मिमी नोंदला गेला आणि त्याच दिवसांत सिल्हेट, सुनामगंज पाण्याखाली गेले.

पण तिथल्या शेतकऱ्याला जूनपेक्षा एप्रिलची भीती जास्त. हाओर हिवाळ्यात सुकतात तेव्हा त्यात बोरो भात लावतात, आणि तो एप्रिल-मेमध्ये कापणीला येतो. तेव्हा पठारावर वळवाचा जोरदार पाऊस झाला की पाणी रातोरात बांध फोडून शेतात शिरतं, आणि वर्षाचं एकमेव पीक जातं. कापणीच्या त्या आठवड्यांत ती माणसं उत्तरेच्या डोंगरांवरचे ढग बघून ठरवतात की भात थोडा हिरवा असतानाच कापायचा का.